दिवाळखोरीचा अर्ज आणि घरखर्चाचा तक्ता : अमेरिकेतील 'शेड्यूल जे' कसे भरतात?



व्यवहारगणितात आपण घराचे अंदाजपत्रक शिकवतो. जमा किती, खर्च किती, शिल्लक किती. मुलं पटापट वजाबाकी करतात आणि आपण बरोबरची खूण करून पुढे जातो. पण हीच वजाबाकी जगात एका ठिकाणी न्यायालयापुढे शपथेवर करावी लागते, आणि तिच्या उत्तरावर एका कुटुंबाची पुढची तीन ते पाच वर्षं ठरू शकतात. ते ठिकाण म्हणजे अमेरिकेतला वैयक्तिक दिवाळखोरीचा अर्ज. आपली कितीतरी मराठी माणसं आज न्यू जर्सी, टेक्सास, कॅलिफोर्नियात राहतात. नोकरी गेली, आजारपण आलं, क्रेडिट कार्डाचं कर्ज वाढत गेलं, असे प्रसंग त्यांच्यावरही येतात. म्हणून हा विषय पाठासाठी घेतला.

आधी थोडी ओळख करून घेऊ. अमेरिकेचा सध्याचा दिवाळखोरी कायदा १९७८ चा आहे आणि २००५ साली त्यात मोठे बदल झाले. सामान्य माणूस बहुतेक वेळा त्यातल्या दोनपैकी एका प्रकरणाखाली अर्ज करतो. चॅप्टर ७ मध्ये, कायद्याने संरक्षण दिलेल्या वस्तू सोडून बाकी मालमत्ता असेल तर ती विकून देणेकऱ्यांना वाटतात आणि उरलेल्या बऱ्याचशा कर्जातून माणूस सुटतो. चॅप्टर १३ मध्ये मालमत्ता सहसा आपल्याकडेच राहते, पण तीन ते पाच वर्षं दरमहा ठरलेली रक्कम भरावी लागते. पोटगी, अलीकडचे काही कर आणि बहुतेक वेळा शैक्षणिक कर्ज यांतून मात्र सहज सुटका होत नाही.

या अर्जासोबत बरीच परिशिष्टे असतात. 'शेड्यूल आय' मध्ये उत्पन्न लिहायचं आणि 'शेड्यूल जे' मध्ये खर्च. आपला आजचा पाठ या 'जे' चा आहे.

तक्ता दिसायला अगदी साधा आहे. घरभाडे किंवा घराचा हप्ता, घराचा विमा, दुरुस्ती, वीज आणि गॅस, पाणी, फोन आणि इंटरनेट, जेवणखाण आणि घरातल्या किरकोळ वस्तू, मुलांचा सांभाळ आणि शिक्षण, कपडे आणि धुलाई, अंगाचा साबण ते केस कापण्यापर्यंतचा वैयक्तिक खर्च, दवाखाना आणि दात, प्रवास, करमणूक आणि वर्तमानपत्रे, दानधर्म, विमे, गाडीचा हप्ता, पोटगी, घरात न राहणाऱ्या माणसांना दिलेला आधार. प्रत्येकापुढे एक रिकामी चौकट. आकडा मासिक हवा. शेवटी उत्पन्नातून खर्च वजा करून उरतं ते एका ओळीत लिहायचं. चौथीतलं मूलही ही वजाबाकी करील. अवघड भाग त्या चौकटींत आकडा कुठून आणायचा हा आहे.

मागच्या सत्रात पाचवीच्या मुलांना मी घरचा महिन्याचा खर्च लिहून आणायला सांगितला होता. सगळ्यांच्या वहीत किराणा होता, दूध होतं, लाईट बिल होतं, गॅसची टाकी होती. चप्पल एकाच्याही वहीत नव्हती. चष्मा नव्हता, आजीच्या गोळ्या नव्हत्या, लग्नातला आहेर नव्हता, एस.टी.चं भाडं दोघांनीच लिहिलं होतं. पालकांनीच सांगितलेले आकडे होते ते. खोटं कोणी बोललं नव्हतं. जे दर महिन्याला ठरावीक तारखेला जातं तेवढंच आपल्याला 'खर्च' म्हणून आठवतं, बाकीचं हातातून जातं आणि विसरलं जातं.

हीच गोष्ट अमेरिकेतल्या तक्त्यात महागात पडते. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एडिसन गावात राहणारं कुटुंब, नवरा-बायको आणि दोन मुलं. कमावणारा एकच. त्याच्या हातात दर दोन आठवड्यांनी २,४०० डॉलर पडतात.

इथेच पहिला प्रश्न मुलांना विचारा, महिन्याचं उत्पन्न किती? वर्गातून उत्तर येतं, ४,८००. चूक! दर दोन आठवड्यांनी पगार म्हणजे वर्षाला २६ पगार, २४ नव्हे. २,४०० गुणिले २६ म्हणजे ६२,४००, भागिले १२ म्हणजे ५,२००. महिन्याला ४०० डॉलरचा फरक पडतो.

आता या कुटुंबाने रात्री स्वयंपाकघराच्या टेबलावर बसून आठवणीने तक्ता भरला. भाडे २,३००, वीज-गॅस १८०, फोन-इंटरनेट १६०, जेवणखाण ५००, पेट्रोल १५०, गाडीचा हप्ता ३२०. बेरीज ३,६१०. उत्पन्न ५,२००. शिल्लक १,५९० डॉलर.

कागदावर हे कुटुंब सुखी दिसतं. दरमहा १,५९० डॉलर उरतात मग दिवाळखोरी कशाला? प्रकरण पाहणारा ट्रस्टी हेच विचारणार. चॅप्टर ७ चा अर्ज असेल तर 'तुम्ही हप्ते भरू शकता, मग कर्जातून सुटका का मागता' असा आक्षेप सरकारतर्फे येऊ शकतो. चॅप्टर १३ चा असेल तर ही सगळी शिल्लक दरमहा भरायला बांधून घेतली जाऊ शकते. तीन वर्षांचे ५७,२४० डॉलर होतात! आणि प्रत्यक्षात ही शिल्लक नाहीच. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यातच हप्ता चुकणार आणि योजना मोडणार.

म्हणून तोच तक्ता आता बँकेचे उतारे आणि पावत्या समोर ठेवून भरू.

जेवणखाण : उतारे पाहिले तर आठवड्याला सरासरी २२० डॉलर जातात. मुलं लगेच चारने गुणतात आणि ८८० सांगतात. पण वर्षात आठवडे ५२ आहेत, ४८ नाहीत. २२० गुणिले ५२ भागिले १२, म्हणजे ९५३. पूर्णांकात आपण ९५० धरू. चारने गुणलं की वर्षातले चार आठवडे हे कुटुंब उपाशी राहतं असा हिशेब होतो. वर्गात हे वाक्य म्हणून बघा, कोणी विसरत नाही.

वीज आणि गॅस : तिकडे हिवाळ्यात घर गरम ठेवायला गॅस लागतो. जानेवारीचं बिल ३४०, मे महिन्याचं ११०. अर्ज मे महिन्यात भरला म्हणून ११० लिहायचे का? नाही. बारा बिलांची बेरीज २,५२०, म्हणून मासिक २१०.

गाडीचा विमा : सहा महिन्यांतून एकदा १,०८० भरतात. त्या महिन्यात बिल आलं नव्हतं म्हणून आठवलंच नाही. भागिले ६, म्हणजे १८०.

बाकीचे आकडे असे निघाले. भाडेकरूचा विमा २०, फोन-इंटरनेट १६०, शाळा सुटल्यावर मुलांना सांभाळण्याचे ४५०, कपडे आणि धुलाई १२०, साबण-केस कापणे वगैरे ६०, दवाखाना आणि औषधे १४०, पेट्रोल, टोल आणि गाडीची देखभाल मिळून ३१०, करमणूक ५०, गाडीचा हप्ता ३२०, आणि गावाकडे आईवडिलांना २००. भाडे तेच, २,३००.

बेरीज करा. ५,४७० येते. उत्पन्न ५,२००. म्हणजे दरमहा २७० डॉलरची तूट.

घर तेच, माणसं तीच. एका कागदावर १,५९० शिल्लक आणि दुसऱ्यावर २७० तूट. दुसरा कागद खरा आहे हे कशावरून ओळखायचं? त्यातून कर्जाचा उलगडा होतो म्हणून. दरमहा २७० कमी पडत होते, ते क्रेडिट कार्डावर जात होते, त्यावर व्याज चढत होतं. पहिल्या कागदावरून हे कर्ज का झालं ते कळतच नाही. माझ्या मते तक्ता तपासण्याची ही सगळ्यात चांगली कसोटी आहे, मग तो अमेरिकेतला असो की आपल्या घरचा.

तूट दिसली तर घाबरून आकडे खाली ओढायचे नाहीत. मात्र 'ही तूट कशी भागवता' हा प्रश्न येणार, त्याचं खरं उत्तर तयार हवं. कार्ड आता बंद होणार, मग पुढे काय? स्वस्त भाड्याचं घर शोधणार आहात, की बायको अर्धवेळ काम धरणार आहे, ते सांगावं लागतं. चॅप्टर १३ मध्ये तर तूट दाखवून योजना मंजूरच होत नाही, कारण भरायला काहीतरी उरलं पाहिजे.

खर्च कमी लिहिण्यामागे विसरभोळेपणापेक्षा लाज जास्त असते असं मला वाटतं. आपल्याकडे 'दिवाळखोर' ही शिवी आहे. असा अर्ज करणाऱ्या माणसाला वाटतं, कर्ज बुडवायला निघालो आणि वर करमणुकीचे पन्नास डॉलर लिहू? केस कापायचे पैसे लिहू? म्हणून तो तिथे शून्य टाकतो. पण त्या तक्त्यात करमणुकीची ओळ सरकारनेच छापलेली आहे. दानधर्माचीही आहे. दोन मुलांच्या घरात कपडे शून्य, औषध शून्य असा तक्ता आला तर रोज असे तक्ते पाहणाऱ्या माणसाला तो काटकसरीचा वाटत नाही, अविश्वसनीय वाटतो.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. खर्च फुगवून लिहिणं हा गुन्हा आहे. अर्जदार 'खोटं असेल तर शिक्षेस पात्र' अशा प्रतिज्ञेवर सही करतो. नंतर एक बैठक होते, आता ती बहुतेक ठिकाणी झूमवर असते, तिथे ट्रस्टी शपथ देऊन प्रश्न विचारतो. देणेकरीही येऊ शकतात. पगाराच्या पावत्या आणि कर विवरणपत्र आधीच मागवलेलं असतं. जाणूनबुजून खोटं लिहिलं तर कर्जातून सुटका नाकारली जाऊ शकते, आणि पाच वर्षांपर्यंत कैदेचीही तरतूद आहे.

दोनदा मोजण्याची चूकही नेहमी होते. पगारातूनच कापला जाणारा आरोग्य विमा 'शेड्यूल आय' मध्ये कपातीत येतो, तो पुन्हा 'जे' मध्ये लिहायचा नाही. आपल्या उदाहरणातले ५,२०० हे कपातीनंतरचे आहेत, म्हणून त्यात तो आलेलाच आहे. तसंच क्रेडिट कार्डाचा किमान हप्ता घरखर्चात धरायचा नाही. त्या कर्जातून सुटण्यासाठीच तर अर्ज आहे!

आता आईवडिलांना पाठवलेल्या २०० डॉलरकडे येऊ, कारण मराठी घरांत ही ओळ हमखास असते. तक्त्याची १९ वी ओळ नेमकी यासाठीच आहे, आपल्याबरोबर न राहणाऱ्या माणसांना दिलेला आधार. पुष्कळांना वाटतं की परदेशात पाठवलेले पैसे दाखवले तर अडचण होईल, म्हणून ते गाळतात. पण बँकेच्या उताऱ्यात ते दिसतातच. दर महिन्याला नियमित जात असतील, पुरावा असेल, आईवडिलांची खरी गरज असेल तर ते लिहावेत. ट्रस्टी रकमेवर प्रश्न विचारू शकतो, कमी करायलाही सांगू शकतो, ती शक्यता धरून चालावं.

मात्र आधार वेगळा आणि उसने फेडणं वेगळं. समजा काकांकडून पाच हजार डॉलर उसने घेतले होते आणि अर्जाच्या चार महिने आधी, 'निदान घरच्या माणसाचे तरी बुडायला नकोत' म्हणून परत केले. आपल्या दृष्टीने हा चांगुलपणा झाला. कायद्याच्या दृष्टीने एका देणेकऱ्याला बाकीच्यांच्या पुढे काढलं. नातेवाइकांना अर्जाच्या आधीच्या एका वर्षात केलेली अशी फेड अर्जात सांगावी लागते आणि ट्रस्टी ती रक्कम काकांकडून परत मागू शकतो. काकांना वाचवायला गेलो आणि काकांच्याच दारात नोटीस, असा प्रकार होतो. म्हणून ही फेड 'आधार' म्हणून १९ व्या ओळीत घालायची नाही.

तसंच २० व्या ओळीत दुसऱ्या स्थावर मालमत्तेचा खर्च येतो. गावच्या वडिलोपार्जित घराची घरपट्टी तुम्ही भरत असाल आणि ती तिथे लिहिली, तर त्या घरातला तुमचा हिस्सा मालमत्तेच्या परिशिष्टातही असला पाहिजे. मालमत्ता जगात कुठेही असो, ती सांगायची असते. एका परिशिष्टातला आकडा दुसऱ्याची साक्ष देतो, हे लक्षात ठेवा.

सगळ्यांना स्वतःचाच खरा खर्च चालतो का? नाही. २००५ नंतर 'मीन्स टेस्ट' नावाची चाचणी आली. अर्जाच्या आधीच्या सहा पूर्ण महिन्यांचं उत्पन्न घेऊन त्यावरून वार्षिक आकडा काढतात आणि त्या राज्यातल्या तेवढ्याच माणसांच्या कुटुंबाच्या उत्पन्नाच्या मध्यकाशी ताडून पाहतात. मध्यक म्हणजे चढत्या क्रमाने मांडल्यावर मधोमध येणारी संख्या. वर्षाला ४०, ५०, ६०, ७० आणि ३०० हजार मिळवणारी पाच कुटुंबं घ्या. सरासरी १०४ हजार येते, मध्यक ६० हजार. एका श्रीमंताने सरासरी कुठल्या कुठे नेली, मध्यक जागेवर राहिला. म्हणून कायद्याने मध्यक घेतला असावा, आणि मला तो योग्य वाटतो.

उत्पन्न मध्यकाच्या वर असेल तर जेवण, कपडे अशा काही बाबींना अमेरिकेच्या आयकर खात्याने ठरवलेले प्रमाणित आकडे लागू होतात. घर आणि गाडीसाठीही त्या भागाप्रमाणे आकडे आहेत. यावरून २०११ साली सर्वोच्च न्यायालयात एक खटला गाजला. अर्जदाराकडे टोयोटा कॅमरी गाडी होती, तिच्यावर एक डॉलरचंही कर्ज नव्हतं. तरी तक्त्यात गाडीच्या मालकीखर्चाचा ४७१ डॉलरचा आकडा छापलेला आहे म्हणून त्याने तो वजा धरला. न्यायालयाने आठ विरुद्ध एक मताने नाही म्हटलं. जो हप्ता तुम्ही भरतच नाही, त्याची वजावट मिळणार नाही. न्यायमूर्ती एलेना केगन यांचं सर्वोच्च न्यायालयातलं ते पहिलं निकालपत्र होतं. पेट्रोल, दुरुस्ती यांचा खर्च वेगळा, तो मिळतोच.

आपल्याकडे काय, असं तुम्ही विचाराल. मुंबईसाठी १९०९ चा आणि बाकी महाराष्ट्रासाठी १९२० चा जुना नादारी कायदा आहे. २०१६ च्या दिवाळखोरी संहितेत व्यक्तींसाठी भाग आहे, पण तो १ डिसेंबर २०१९ पासून फक्त कंपन्यांच्या कर्जाला जामीन राहिलेल्या व्यक्तींना लागू झाला आहे. घर चालायला काही राखून ठेवावं हा विचार मात्र आपल्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० मध्ये आहेच. स्वयंपाकाची भांडी, अंगावरचे कपडे, कारागिराची अवजारे जप्त करता येत नाहीत. पोटगी सोडून इतर हुकूमनाम्यात पगारातले पहिले १,००० रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश सुरक्षित असतात. ३१,००० पगार धरला तर १,००० अधिक २०,००० म्हणजे २१,००० रुपये घराला राहतात आणि १०,००० पर्यंत जप्ती येऊ शकते. इथे खर्चाचा तक्ता मागत नाहीत, सगळ्यांना एकच अपूर्णांक लावतात. हिशेबाला सोपं आहे, पण आठजणांचं घर आणि एकट्याचं घर एकाच मापात बसतं.

'शेड्यूल जे' ची शेवटची, २४ वी ओळ मला विशेष आवडते. तिथे आकडा नाही, प्रश्न आहे, की पुढच्या वर्षभरात खर्चात वाढ किंवा घट अपेक्षित आहे का? बाळ होणार असेल, गाडीचा हप्ता सात महिन्यांत संपणार असेल, धाकटं मूल पुढच्या वर्षी सांभाळगृहातून शाळेत जाणार असेल तर ते तिथे शब्दांत लिहायचं. चॅप्टर १३ ची योजना चालू असताना परिस्थिती बदलली, नोकरी गेली, तर योजना बदलून मागण्याची सोय आहे, पण ती मागावी लागते. गप्प राहून हप्ते चुकवले तर प्रकरण निकालात निघतं.

प्रत्यक्ष अर्ज करणाऱ्याने तिथल्या वकिलाला किंवा मोफत कायदा मदत केंद्राला विचारावं. अर्जाच्या आधीच्या १८० दिवसांत मान्यताप्राप्त संस्थेकडून कर्जविषयक समुपदेशन घेणं तसंही बंधनकारक आहे. तिथे जाताना बारा महिन्यांचे बँक उतारे बरोबर न्यावेत.

सरावासाठी : एका कुटुंबाचा बसचा खर्च आठवड्याला ३२ डॉलर आहे. मुलांच्या शिकवणीचे दर चार महिन्यांनी ३६० डॉलर भरतात. गाडीच्या नोंदणीचे वर्षाला ८४ डॉलर जातात. या तिन्हींचा मिळून मासिक खर्च काढा.

उत्तर : ३२ × ५२ ÷ १२ = १३८.६७; ३६० ÷ ४ = ९०; ८४ ÷ १२ = ७. एकूण २३५.६७ डॉलर. ज्यांचं उत्तर २२५ आलं असेल त्यांनी आठवडे पुन्हा मोजावेत.